हाताचा एक फेरा

खंडेनवमीच्या दिवशी घरात सगळ्यांत आधी उठली ती उत्कर्षा, आणि उठल्याउठल्या चूळसुद्धा न भरता ती मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली. दिवा लावून तिनं भिंतीवरच्या खिळ्याकडं बघितलं. किल्ली जागेवर होती. वीतभर लांब, वर आडवी मूठ, आणि मुठीला उत्कर्षानंच गुंडाळलेली लाल लोकर. ते बघितल्यावर मगच तिला तोंड धुवावंसं वाटलं. श्रावणापासून तिचा हा नेम होता. घरातल्यांना वाटायचं, पोरगी सकाळी सकाळी लेथला नमस्कार करायला जाते. तसं वाटतंय तर वाटू द्यावं, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

किल्ली लेथच्या, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनच्या, चकची. चक म्हणजे लेथचा जबडा. लोखंडाचा तुकडा त्यात धरायचा, किल्लीनं आवळायचा, किल्ली काढून घ्यायची आणि मगच मशीन सुरू करायचं. किल्ली चकमध्ये राहिली आणि बटण दाबलं गेलं, तर ती गोफणीतल्या दगडासारखी सुटते, मग समोर कोण उभं आहे हे ती बघत नाही. तिच्या वडिलांनी, आप्पांनी, आयुष्यभर गिरणीच्या वर्कशॉपमध्ये टर्नर म्हणून लेथवर काम केलं, कितीतरी पोरांना हाताखाली तयार केलं, आणि प्रत्येकाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली. बटणाला बोट लावायच्या आधी चक हातानं एक फेरा फिरवायचा. किल्ली राहिली असेल, काही अडकलं असेल, तर डोळ्याला दिसलं नाही तरी हाताला कळतं. गिरणीत त्यांना पाठीमागं 'फेरेवाले जोतीराम' म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं, आवडतही होतं.

तेच आप्पा श्रावणात एका दुपारी किल्ली चकमध्ये तशीच ठेवून चहाला निघून गेले. उत्कर्षानं ती काढली, खिळ्याला अडकवली, आणि मूग गिळून बसली. तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला होता. आप्पा शेडमध्ये गेले की ती काहीतरी निमित्त काढून मागोमाग जायची. कधी झाडू, कधी तेलाचा कॅन. आप्पा चक फिरवायचे, एक पूर्ण फेरा, अगदी पहिल्यासारखा, आणि मग तिचा जीव भांड्यात पडायचा. हात अजून विसरलेला नाही, असं ती स्वतःला सांगायची. तोंडून नावं जातात, ताट वाढलं की आपण जेवलो का हे विचारतात, तिला एखाद्या वेळी बाळाबाई म्हणून आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारतात. जाऊ द्या. हात जागेवर आहे.

पण गणपतीत आप्पा एकदा खाकी शर्ट घालून, डबा मागून, कामाला निघाले. जिथं आता नुसती भिंत आणि बाभळी उरल्या आहेत त्या गिरणीच्या गेटावर ते उभे राहिले होते. एका ओळखीच्या रिक्षावाल्यानं घरी आणून सोडलं. ते काही झाकता आलं नाही. गल्लीला कळलं, आणि गल्लीला कळलेलं पुण्याला कळायला कितीसा वेळ लागणार.

पुण्याला थोरला, उदयसिंह. तो काही वाईट माणूस नव्हे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आप्पांची औषधं तो पाठवतो, डॉक्टर त्यानंच शोधला, दररोज संध्याकाळी न चुकता फोन करतो. पण एखादी गोष्ट मनात ठरली की ती झालीच, असा त्याचा स्वभाव. त्यानं फोनवर ठरवलं होतं की आप्पांना आता लेथवर उभं करायचं नाही. आणि लेथ घरात आहे तोवर आप्पा तिच्यावर उभे राहणारच, म्हणून लेथ घरात ठेवायची नाही. भंगारात घालायला तो इतका निष्ठुर नव्हता. आप्पांचा गिरणीतला जोडीदार पीरसाब, त्याच्या मुलाचं, आरिफचं, अक्कलकोट रोडला वर्कशॉप होतं. आरिफ आनंदानं न्यायला तयार झाला होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो टेम्पो घेऊन येणार, असंही उदयसिंहानं परस्पर ठरवून टाकलं. आप्पांना हे कुणी सांगितलं नव्हतं. ते काम उदयसिंह आज स्वतः येऊन करणार होता.

धाकटा सयाजी घरातच असायचा. सांगोल्याची डाळिंबं तो आपल्या टेम्पोनं मार्केटला आणायचा आणि टेम्पो बारा महिने गल्लीत उन्हात उभा करायचा. शेड मोकळी झाली तर टेम्पो आत जातो, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी गणपतीपर्यंत तो अक्काच्या, म्हणजे उत्कर्षाच्या, बाजूला होता. गिरणीच्या गेटाचं झाल्यापासून तो कुणाच्याच बाजूला नव्हता. जेवताना मोबाईलमध्ये बघत जेवायचा.

आणि उत्कर्षा. ती नातेपुत्याचं सासर सोडून परत आली तेव्हा घरातल्या सगळ्यांनी तिला सल्ले दिले, आप्पांनी तेवढं रॉकेलचा डबा आणि तारेचा ब्रश दिला. गिरणी मोडीत निघाल्यावर आप्पा ज्या लेथवर उभे राहायचे तीच लेथ गिरणीच्या अंगणात पडून होती, तिच्या पायातून बाभूळ वर आली होती. पीरसाबनं मरायच्या आदल्या वर्षी ती ट्रकमध्ये घालून दारात आणून उतरवली होती. विलायती, पट्ट्यावर चालणारी, घरातल्या कुठल्याही माणसापेक्षा वयानं मोठी. ताडपत्रीखाली ती तशीच राहिली होती. "ह्यो गंज काड," एवढंच आप्पा म्हणाले. नातेपुत्याचं एक अक्षर त्यांनी विचारलं नाही.

गंज काढता काढता दिवस गेले. आप्पांनी निळा रंग लावून बेडवरचा, म्हणजे लेथच्या सपाट पाठीवरचा, उंचवटा शोधायचा आणि हातातल्या पातीनं तो केसाएवढा खरवडायचा, पुन्हा निळं, पुन्हा खरवड. एक दातेरी चाक नव्हतंच, ते आरिफनं पाडून दिलं. चामड्याचा पट्टा चपला शिवणाऱ्याकडून शिवून घेतला, तेव्हा घरात चामडं आणलं म्हणून आई एक दिवस बोलली नव्हती. आणि ज्या दिवशी लेथ पहिल्यांदा फिरली, पातीखालून लोखंडाचा कीस वेटोळं घालत सुटला, त्या दिवशी उत्कर्षा नातेपुत्याहून आल्यावर पहिल्यांदा पोटभर जेवली. म्हणून लेथ गेली तर आप्पा खचतील, असं ती उदयसिंहाला फोनवर सांगायची ते खरंच होतं. आपलं काय होईल, हे ती सांगत नव्हती. आणि लेथ राहिली तर एखाद्या दिवशी ती किल्ली सुटेल, ही भीती तर तिनं कुणापाशीच काढली नव्हती.

सकाळी शेड धुऊन झाली. आप्पांनी लेथ पुसली, तेलाचा हात दिला. रंभाबाई, उत्कर्षाची आई, झेंडूची टोपली घेऊन आल्या. लेथला त्या वर्षभर 'माजी सवत' म्हणत, पण खंडेनवमीला सवतीला नटवायचं ते त्यांनीच. पाने, कानशी, हातोड्या, मोजमापाची हत्यारं फळीवर ओळीनं मांडून त्यांनी प्रत्येकाला कुंकू लावलं, प्रत्येकावर फूल ठेवलं. भिंतीवरचे खिळेसुद्धा सोडले नाहीत. उत्कर्षा माळा ओवून देत होती तेवढ्यात गल्लीत गाडीचा हॉर्न वाजला. ती दार उघडायला गेली. मग सामान आलं, चहा आला, चौकशा आल्या, आणि शेडमध्ये आई एकटीच राहिली.

उदयसिंहाबरोबर त्याची बायको अपेक्षा होती. अपेक्षावहिनी कमी बोलायच्या आणि बोलायच्या तेव्हा नेमकं बोलायच्या, म्हणून उत्कर्षाला त्यांची भीती वाटायची.

चहा होईपर्यंत उदयसिंह रस्ता कसा होता, पाऊस कसा होता, एवढंच बोलत राहिला. आप्पांनी त्याला विचारलं, पोरगं आलं नाही का? परीक्षा आहे, म्हणून त्यानं सांगितलं. बशी खाली ठेवून आप्पांनी पुन्हा विचारलं, पोरगं आलं नाही का? कुणी काही बोलायच्या आत उत्कर्षाच म्हणाली, "परीक्षा हाय की आप्पा त्याची, दिवाळीत येतंय." तिनं ते इतकं पटकन म्हटलं की अपेक्षावहिनींनी तिच्याकडं बघितलं. नुसतं बघितलं.

मग उदयसिंहानं विषय काढला. त्याला गोल गोल बोलता येत नाही. आप्पा, तुमचं वय झालंय, गेटाचं ते झालं, मशीन धोक्याचं आहे, आरिफ सांभाळेल, तुम्हाला वाटलं तर तिथं जाऊन बसा, असं सगळं त्यानं एका दमात सांगितलं आणि टेम्पो परवा येतोय हेही सांगितलं. आप्पा ऐकत राहिले. दारात रंभाबाई येऊन थांबल्या होत्या, हात कुंकवानं लाल.

"तुला काय वाटतं रे सयाजी?" आप्पांनी विचारलं.

सयाजीनं मोबाईल उलटा ठेवला. "मला काय वाटायचं आप्पा. दादा म्हणतोय त्यात चुकीचं काय न्हाय की," तो म्हणाला, आणि अक्काकडं बघायचं टाळलं.

उत्कर्षाला त्याचा राग आला नाही, भीती वाटली. आता आपण एकट्याच, असं तिला वाटलं. तिनं तोंड उघडलं ते आप्पांच्या बाजूनं बोलण्यासाठी. आप्पा रोज लेथवर असतात, एकदा तरी काही चुकलंय का, असं विचारायला. पण श्रावणातली ती दुपार आठवली आणि शब्द तोंडातच राहिले.

आप्पाच उठले. "बग की मग. चालवून दाकवतो. हात हालला तर ने. न्हाय हालला तर परत त्यो विषय काडायचा न्हाय."

"आत्ता नको, पूजा आहे," उदयसिंह म्हणाला.

"पूजा झाल्यावर उद्या सकाळपतूर मशीनला हात लावत न्हाईत. तुला ठावं हाय. म्हनून आत्ता."

हे खरं होतं. खंडेनवमीची पूजा झाली की हत्यार विश्रांतीला गेलं. दसऱ्याचा दिवस उजाडेपर्यंत त्याला कुणी कामाला लावायचं नाही. गिरणी चालू होती तेव्हाही आप्पा त्या दिवशी पूजा झाली की हात जोडून बाहेर पडत. तेव्हा जे व्हायचं ते पूजेच्या आधीच व्हायला हवं होतं. उदयसिंहाला नाही म्हणायला जागा राहिली नाही.

सगळे शेडमध्ये आले. लेथ अशी सजली होती की ती मशीन आहे हे विसरावं. डोक्यापासून चकपर्यंत झेंडूची जाड माळ, पुढं रांगोळी, बेडवर नवा खण. अपेक्षावहिनी मोबाईल काढून समोर उभ्या राहिल्या, चकच्या अगदी नाकासमोर. पोराला व्हिडिओ दाखवायचाय, म्हणाल्या. सयाजी त्यांच्या मागं. उदयसिंह हाताची घडी घालून. उत्कर्षा नेहमीच्या जागी, दाराशी, जिथं विजेचा मेन स्विच होता.

आणि तिची नजर सवयीनं खिळ्याकडं गेली.

खिळ्यावर झेंडूचा तुरा होता. लाल लोकर दिसत नव्हती. तुऱ्यामागं असेल, म्हणून ती नीट बघू लागली. तुऱ्यामागं नव्हती. आईनं फळीवर मांडली असेल. तिनं फळीवरून नजर फिरवली, हातोडी, पाने, कानशी, प्रत्येकाच्या डोक्यावर फूल, प्रत्येकाच्या कपाळी कुंकू. किल्ली नव्हती. दुसऱ्यांदा बघितलं. नव्हती. 

ओरडावं, असं तिला वाटलं. आप्पा, थांबा, किल्ली कुठाय, एवढं म्हणायला किती वेळ लागतो. पण म्हणताक्षणी उदयसिंह विचारणार, तुला कसं सुचलं, तू रोज बघतेस का, का बघतेस? आणि मग सगळंच बाहेर येणार. शिवाय आप्पा आता चक फिरवतीलच की. फेरेवाले जोतीराम. किल्ली असेल तर हाताला कळेल, ते हसून ती काढतील, दादाकडं बघतील, आणि जिंकतील. तसं झालं तर याहून चांगलं ते काय. तिनं ओठ मिटून धरले. पण तिचा हात आपोआप मागं सरकून मेनच्या दांडीवर गेला होता.

आप्पांनी माळ उतरवायला ओढली. ती मागून कशाला तरी गुंतली होती, जोर लावल्यावर दोरा तुटला आणि पाकळ्या बेडवर सांडल्या. रंभाबाई "अगं बाई" म्हणाल्या. आप्पांनी माळ बाजूला ठेवली, खण काढून घडी केला, बेडला बोटं लावून कपाळाला नेली. समोरून बघणाऱ्याला चक स्वच्छ, रिकामा दिसत होता. मागं, भिंतीच्या बाजूला काय आहे, ते कुणालाच दिसत नव्हतं.

आता हात, उत्कर्षा मनात म्हणाली. आप्पा, आता हात.

आप्पांचा उजवा हात उठला. चकच्या दिशेनं गेला, असं तिला वाटलं. चकवरून पुढं गेला. हिरव्या बटणावर जाऊन थांबला, आणि त्यानं ते दाबलं.

तिनं दांडी खाली ओढली. मोटर घुरघुरली आणि तिथंच मेली, पण पट्ट्यानं तेवढ्यात चकला हिसका दिला होता. भिंतीच्या बाजूनं काहीतरी वर आलं, सुटलं, बेडवर खण्णकन आपटलं, उसळलं आणि अपेक्षावहिनींच्या पायाशी जाऊन पडलं. लाल लोकर गुंडाळलेली किल्ली. मोटरनं वेग घेतला असता तर ती पायाशी पडली नसती.

 अपेक्षावहिनींच्या हातातला मोबाईल तसाच समोर धरलेला होता.

मग उदयसिंह बोलला, आणि तो ओरडला नाही हेच जास्त वाईट होतं. म्हणाला, हेच सांगत होतो मी. किल्ली चकमध्ये. तुम्ही ती काढायला विसरलात, आप्पा. अजून काय बघायचं राहिलंय?  आप्पा आपल्या उजव्या तळहाताकडं बघत होते.

"त्येनी न्हाय इसरले," रंभाबाई म्हणाल्या. "म्या लावली ती."

सगळे त्यांच्याकडं वळले. त्यांनी सांगितलं ते असं. माळ मागून सारखी सरकायची. अडकवायला तिकडं काही नव्हतं. खिळ्यावरची किल्ली दिसली, चकच्या भोकात बरोबर बसली, तिला दोरा गुंडाळला, माळ पक्की झाली. मागून होती, म्हणून पुढनं दिसली नाही. देवाची माळ होती, त्यात काय धोका असेल हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. लग्न होऊन आल्यापासून टर्नरच्या घरात होत्या, पण किल्ली कुठं ठेवायची नसते हे त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं. बाईमाणसाला सांगून काय उपयोग, असं आप्पांच्या काळात सगळ्यांनाच वाटायचं. बोलता बोलता त्या खाली बसल्या आणि पदरानं तोंड झाकून रडू लागल्या.

आणि मग या घरात जे नेहमी होतं ते झालं. भीती गेली आणि तिच्या जागी सुटका आली, आणि सुटकेच्या भरात सगळे एकमेकांशी चांगले वागू लागले. सयाजी आईजवळ बसला, म्हणाला, आई, तुजा नेम लई चांगला हाय, वहिनी थोडक्यात वाचल्या. अपेक्षावहिनी हसल्या. त्यांचा चेहरा अजून पांढरा होता, पण त्या नवऱ्याला म्हणाल्या की यात आप्पांचा काही दोष नाही, लोकरीची किल्ली मागं कोण बघणार. सयाजीही तेच म्हणाला. म्हणाला, दादा, टेम्पो काय, माझा गल्लीत बरा हाय. बघता बघता सगळं घर आप्पांच्या बाजूला येऊन उभं राहिलं. उदयसिंहानं कपाळ पुसलं. त्याला कधी मनापासून हरता येत नाही, पण आज त्याला ते बरंच वाटत असावं. "ठीक आहे," तो म्हणाला. "चूक आईची. आरिफला मी कळवतो. राहू दे लेथ."

उत्कर्षाला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसायची तर तिला श्रावणापासून सवय होती.

तिनं आप्पांकडं बघितलं. ते अजून तळहाताकडंच बघत होते. या शेडमध्ये दोनच माणसांना माहीत होतं की किल्ली कुणी लावली याला काही अर्थ नाही. किल्ली कुणीही लावो, ती लावलेली असेल असं धरूनच तर हात फिरवायचा असतो. तो हात आज फिरला नव्हता. उद्या समोर अपेक्षावहिनी नसतील. उद्या कदाचित सयाजीचं डोकं तिथं असेल, आणि दाराशी ती नसेल.

"दादा, थांब," ती म्हणाली.  "चूक आईची न्हाय. आप्पांनी फेरा घेतला न्हाय."

"काय?"

"चालू करायच्या आदी हातानं एक फेरा फिरवायचा असतो. त्यांनीच शिकवलंय मला. आज त्यांनी फिरवला न्हाय. मी बघत हुते. त्यासाठीच मी मेनजवळ उभी असते." तिला पुढचंही बोलावं लागलं. "श्रावणात किल्ली राहिली हुती, ती त्यांच्याच हातनं. मी बोलले न्हाय. आता त्यांना एकटं मशीनवर सोडायला मला भ्या वाटतंय."

आप्पांनी मान वर केली. तिच्याकडं त्यांनी असं बघितलं की ते तिला ओळखत नाहीत की फार नीट ओळखतात, हे तिला कळलं नाही. मग ते म्हणाले, "पूजा करून घ्या," आणि बाजूला झाले.

पूजा झाली. आप्पांनीच ओवाळलं, नारळ फोडला, मंत्र म्हणता म्हणता मध्येच थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाले. दिवसभर ते उत्कर्षाशी बोलले नाहीत. जेवायला बसल्यावर तिनं पोळी वाढली तर त्यांनी ताटावर हात आडवा धरला, आणि अपेक्षावहिनींनी वाढली तेव्हा घेतली. उदयसिंहानं मात्र तिला स्वयंपाकघराच्या दारात गाठून हळूच सांगितलं की तू बोललीस ते बरं केलंस, मग टेम्पोचं ठरल्याप्रमाणंच ठेवू. तिनं मान हलवली. 

भांडी घासताना आई म्हणाली, "म्या माज्या डोस्क्यावर घेतलं हुतं की. निभलं हुतं सगळं. तू कशाला बोललीस?"

"तुज्या डोस्क्यावर घेऊन त्यांचा हात परत येनार हाय का, आई?"

रंभाबाईंनी हातातलं भांडं पाण्यात बुडवलं आणि कितीतरी वेळ तसंच धरून ठेवलं. "मला काय दिसत न्हाय व्हय," त्या म्हणाल्या. "चाळीत राहत हुतो तवाची नावं घेतेत झोपंत. पन मशीनपाशी उबे ऱ्हायले की पयल्यासारके दिसतेत. म्हनून म्हटलं, ऱ्हाऊ दे." 

दसरा उजाडला. आपट्याची पानं आली, दारात रांगोळी झाली. सोनं देऊन पाया पडायचं म्हणून सगळे ओळीनं आप्पांसमोर आले. उदयसिंह आला, अपेक्षावहिनी आल्या, सयाजी आला. आप्पांनी सगळ्यांच्या डोक्यावर हात ठेवला. उत्कर्षा वाकली तेव्हा आप्पांची खुर्ची रिकामी होती. ते उठून मागं निघून गेले होते. ती तशीच वाकलेली राहिली, हातात पानं घेऊन. आपण खरं बोललो आणि बाप गमावला, असं तिच्या मनात अगदी स्पष्ट आलं.

"उत्कर्षा."

शेडमधून हाक आली. बाळाबाई नव्हे, उत्कर्षा.

ती धावतच गेली. मागोमाग उदयसिंह आला, त्याला वाटलं आप्पांनी पुन्हा बटणाला हात लावला. पण आप्पा लेथपाशी नव्हते. दाराशी, मेनच्या खाली, जिथं ती रोज उभी राहायची, तिथं स्टूल ओढून ते बसले होते. लेथची शिळी फुलं त्यांनी काढून ठेवली होती. बेडवर किल्ली आपटली होती तिथं एक बारीक खळगा पडला होता, आणि त्याभोवती निळ्या रंगाचं बोट फिरवलेलं होतं.

"ह्ये खरवडाय लागतंय," ते म्हणाले. "माज्याच्यानं आता हुनार न्हाय. हात कवा आपला असतो, कवा नसतो. काल नव्हता." त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि तिच्यापुढं धरली. लाल लोकर नव्यानं, घट्ट गुंडाळलेली होती. "ही तुज्याकडं ऱ्हाऊ दे. खिळ्याला न्हाय. तुज्याकडं. मी मागितली तरी द्यायची न्हाय."

तिला ती घ्यायला हात पुढं करता येईना. ज्याची तिला श्रावणापासून धास्ती होती, की एक दिवस ही किल्ली आपल्याला त्यांच्या हातातून काढून घ्यावी लागेल, ते असं होईल असं तिला वाटलं नव्हतं. तिनं आपट्याची पानं त्यांच्या हातात दिली आणि किल्ली घेतली.

आप्पा उदयसिंहाकडं वळले. "आरिफला सांग, येऊ नगं. मशीन माजी न्हाय आता, हिची हाय. मी हितं बसनार. मेनपाशी कुनीतरी लागतंय की."

उदयसिंह काहीतरी म्हणणार होता. त्यानं बापाकडं बघितलं, बहिणीकडं बघितलं, आणि फोन काढून अंगणात गेला. आरिफला दसऱ्याच्या शुभेच्छा देतानाचा त्याचा आवाज आत ऐकू येत होता.

उत्कर्षानं ओढणी कमरेला खोचली, केस आवळून बांधले. लोखंडाचा एक तुकडा चकमध्ये धरला, आवळला, किल्ली काढून खिशात टाकली, आणि खिसा वरून चाचपून बघितला. लेथपाशी ती कितीदा उभी राहिली होती, पण आप्पा तिच्या पाठीशी बसलेले असं कधी नव्हतं.  बटण जवळ होतं. बोट तिकडं निघालंसुद्धा.

"आदी हात," मागून आप्पा म्हणाले.

तिनं चकवर तळहात ठेवला. लोखंड सकाळचं गार होतं. ठेवला, आणि हळूहळू फिरवला, एक पूर्ण फेरा.